एसी आणि बाबांचं ॲव्हरेज

९ एप्रिल

गाडी आली! सेकंडहँड आहे, पण रंग एकदम चकाचक. बाबांनी नांदेडहून स्वतः चालवत आणली. उतरले तेव्हा शर्ट पिळून वाळत घालावा इतका भिजलेला. एसी काहून न्हाई लावला, म्हणून विचारलं. एसीनं ॲव्हरेज पडतं, म्हणाले. रात्री बघते तर एसीच्या बटणावर चिकटपट्टी. कुणाचा चुकून हात लागायला नको म्हणे.

११ एप्रिल

मोबाईलवर सगळं वाचून काढलं. गावात हळू चालताना एसीनं पेट्रोल जास्त जातं, हे खरं. पण मोठ्या रस्त्यावर जोरात जाताना काचा उघड्या टाकल्या की वारं गाडीला मागं ओढतं, तिथंही पेट्रोल जातंच. मग काचा लावून एसी लावलेला काय वाईट? जेवताना बाबांना समजावून सांगितलं. बाबा पोस्टातून रिटायर झालेले. लोकांच्या तक्रारी शांतपणे ऐकून घ्यायची जुनी सवय. माझीपण घेतली ऐकून.

१२ एप्रिल

कळमनुरीला मावशीकडं गेलो. बाबांनी माझ्या मुद्द्यावर उपाय काढला — गाडी इतकी हळू चालवायची, की वाऱ्याला ओढायला काही सापडूच नये! कडब्याचा ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून गेला. पुढं जाऊन थांबला. गाडी बंद पडली का, दोरी लावून नेऊ का, म्हणून विचारत होता बिचारा. मागच्या सीटवर आई डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसलेली. तिनं तोंड फिरवलं.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणुकीला पायीच गेलो. गर्दीत ॲव्हरेज पडतं.

२० एप्रिल

लिहू का नको असं झालंय.

आज कुरुंद्याला भीमराजचं घर बघायला गेलो. मागच्या महिन्यात ते लोक मला बघून गेले. तो बँकेत आहे, चांगला दिसतो, पण चार वाक्यांच्या वर बोलला न्हाई. त्यामुळं माझं काही ठरेना. तरी मोतिया रंगाची नवी साडी नेसले.

कुरुंद्याच्या अलीकडं रस्त्याला लागून हळद पॉलिश करायचा ड्रम फिरून राहिला होता. पिवळ्या धुरळ्याचा नुसता ढग. आई म्हणाली, काचा वर घ्या. बाबा म्हणाले, आत भट्टी होईल. आणि घातली गाडी ढगात!

त्यांच्या दारात तिघं उतरलो. भुवया पिवळ्या, साडी पिवळी, बाबांचं टक्कल तर लखलखीत पिवळं. भीमराजची आई, सुमनबाई, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि जागीच थांबली.

"आमी अजून होकार कळवला न्हाई, अन् तुमी हळद लावूनच आलात?"

मला डिक्कीत जाऊन बसावंसं वाटलं.

इंजिनातही हळद गेली असेल, म्हणून भीमराजनं बॉनेट उघडलं. बाबा चहा टाकून पळत त्याच्याकडं गेले. दोघं बॉनेटमागं काहीतरी बोलत होते, ऐकू आलं न्हाई. मग त्यानं बॉनेट लावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "काकांचं बराबर आहे. एसीनं लई ॲव्हरेज पडतं."

बाबा त्याच्या शेजारीच जाऊन बसले. निघेपर्यंत उठले न्हाईत.

घरी आल्यावर आईला सांगितलं, मला हा नको. असा एक माणूस घरात आहे तेवढा पुष्कळ झाला. नवऱ्याच्या गाडीतपण शिजतच बसू का?

२३ एप्रिल

आई विचारून राहिली, नकार कळवू का? उद्या दुपारी फोन कर म्हटलं.

२४ एप्रिल

सकाळी बाबा बसनं परभणीला गेले. मी गपचूप गाडी गॅरेजला नेली. म्हटलं, एसी चालू करून घेऊ, गार हवा लागली की बाबांचं मन बदलेल. मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, मला जवळ बोलावलं.

"ताई, एसीचं कॉम्प्रेसरच न्हाई ह्याच्यात. काढून घेतलंय. ही रिकामी जागा बघा. गाडी विकणाऱ्यानं फसवलं तुमाला."

म्हणजे बाबांना ठाऊक होतं. आणि त्या दिवशी बॉनेट उघडल्यावर भीमराजलाही कळलं होतं.

तिथूनच आईला फोन लावला. म्हटलं, नकार कळवू नको. हो म्हण.