दार अडवायचा कॉम्प्युटर

१३ नोव्हेंबर २०२४

गेले. सकाळी मुकादमाचा ट्रक आला आणि आई-बाबा ऊसतोडीला बारडोलीकडे गेले. आता होळीलाच तोंड दिसेल. ट्रकमध्ये चढेपर्यंत आईचं एकच — त्याला पाणी पाज, त्याला थंडीत बसू देऊ नको. जणू पवन माझा भाऊ नाही, अंगणात बांधलेलं वासरू आहे!

एकोणीस वर्षांचा घोडा आहे तो. सिकलचा आहे, रक्ताचा आजार, एवढंच. खुब्याचा सांधा गेलाय, काठी धरून कसाबसा अंगणाच्या टोकापर्यंत जातो. मी नुसता वाहक, मला काही होत नाही. एकाच आईबापाची दोन पोरं — एकाला मिळाले पाय, दुसऱ्याला मिळाली अक्कल. हे वाटप पवननेच केलेलं.

१६ नोव्हेंबर

मी दिवसभर मोलगीत, रायसिंगभाऊंच्या केंद्रात, लोकांचे दाखले काढत बसतो. पवन घरी. आज विचारलं, काय केलंस रे दिवसभर?

“पाली मोजल्या. दोन आहेत. एकीचं शेपूट तुटलंय.”

त्याच्याकडे बटनाचा फोन आहे. त्यात सापाचा एकच खेळ, तोही पाठ झालेला. तो हसत सांगत होता. मला हसू आलं नाही.

१८ नोव्हेंबर

केंद्राचं दार वाऱ्याने आपटतं म्हणून रायसिंगभाऊंनी जुना कॉम्प्युटर दाराला टेकवून ठेवलाय. मी कामाला लागलो तेव्हापासून त्याला ठेचकाळतोय. आज विचारलं, नेऊ का?

“तो काय चालणार आता, ईश्वर? ने. पण दाराला दगड आणून दे.”

नाल्यातून चांगला जाड दगड आणून दिला. कॉम्प्युटर माझा! मागच्या खोलीत मॉनिटर होता, एका कोपऱ्यात पिवळा पडलेला, तोही मिळाला. सगळं जीपच्या टपावर बांधून आणलं. शेजारची गजराबाई बघायला आली — पेटीत काय आहे? पवन आतून ओरडला, “नवरी!”

१९ नोव्हेंबर

उघडला. आत मुंग्यांचं गाव, कोळ्याची जाळी आणि पालीची दोन अंडी. पवन म्हणाला, “बघ, माझा हिशेब वाढणार.”

ब्रशने धूळ काढली. रॅमच्या पट्टीची कड खोडरबरने घासली. बटण दाबलं — काही नाही. पंखासुद्धा हलला नाही. पवनचं तोंड एवढंसं झालं. मी उद्या बघू म्हणालो. खरं तर लाथ घालावीशी वाटत होती. पण केंद्रात होता तेव्हा गोष्ट वेगळी, आता तो घरचा झालाय.

२४ नोव्हेंबर

रविवार. मांडीवर कॉम्प्युटर घेऊन तळोद्याला अनीसभाईंच्या दुकानात. त्यांनी झाकण काढलं, आत नाक घालून वास घेतला.

“पावर सप्लाय जळी जायेल शे. बाकी चांगलं शे. यानावर खेळनं शे का काम करनं शे?”

खेळायचं, म्हटलं. “मंग इतली रॅममा काय खेळशी भाऊ? थांब.”

डब्यातून दुसरी पट्टी काढली. एका मोडक्या मशीनचा पावर सप्लाय यात बसवला. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झाली होती, ती खरवडून नवी लावली. कुणासाठी हा खटाटोप, विचारलं. सांगितलं. निघताना पेन ड्राइव्हवर दोन जुने गेम टाकून दिले — क्रिकेट आणि गाड्यांची शर्यत. “यानापेक्षा नवं टाकू नको, मशीन बसी जाई.”

२५ नोव्हेंबर

चालू झाला!!!

पडद्यावर तारीख — १ जानेवारी २००९. आतला छोटा सेल मेलाय, त्यामुळे प्रत्येक वेळी तिथूनच सुरू होतो. मी म्हटलं, सेल आणतो. पवन म्हणाला, “राहू दे. २००९ मध्ये मी पळायचो.”

२७ नोव्हेंबर

आमच्या पाड्याची वीज म्हणजे डोक्याला ताप. दिवा लुकलुकला की मशीन बंद. शेवटी सोलरची बॅटरी आणि इन्व्हर्टर जोडून दिला. बाबांची ही बॅटरी म्हणजे तिसरा मुलगा — रोज फडक्याने पुसतात, कुणाला हात लावू देत नाहीत. ते इथे नाहीत, म्हणून माझी हिंमत.

३० नोव्हेंबर

बाबांचा फोन. फडात रेंज नसते, रस्त्यावर येऊन करतात. आधी पवनशी बोलले. तो “याहा कुठंय” म्हणाला, आईने फोन घेतला आणि मग जे सुरू झालं ते संपेना. शेवटी फोन माझ्याकडे. बाबांना कॉम्प्युटरचं सांगितलं, बॅटरीचं गाळून.

“त्या पेटीत करतो काय तो?”

गाड्या चालवतो, म्हटलं.

“कुठे जातात?”

कुठेच नाही. गोल फिरतात.

“मग आमच्या ट्रॅक्टरसारखंच,” म्हणाले आणि हसले. फार दिवसांनी हसले. मी फुशारून म्हणालो, बाबा, खेळताना तो दुखणं विसरतो. ते म्हणाले, “असं? मग खेळू दे.”

८ डिसेंबर

क्रिकेटमध्ये त्याने माझे बारा वाजवले. रविवार अख्खा गेला. “दादा, तुला पाय दिलेत ते दाखले काढायला दिलेत, खेळायला नाही.” एका कीबोर्डवर दोघांचे चार हात — कोपर मारतो लेकाचा!

गेल्या पंधरा दिवसांत एकदाही कण्हला नाही. गेल्या थंडीत रात्र-रात्र भिंतीला डोकं घासायचा. मी औषध शोधून काढलंय, असं आज मनात आलं. चक्क तसंच आलं.

१५ डिसेंबर

थंडी कडक. कॉम्प्युटरचा बाजूचा पत्रा मी बसवतो, हा काढून ठेवतो. आज चिडलो — धूळ जाते, किडे जातात, कितीदा सांगायचं? जेवण घेऊन आत गेलो तर डाव्या हाताने खेळत होता आणि उजवा हात आतल्या पंख्याच्या गरम वाऱ्यावर धरलेला. बोटं सुजलेली.

पत्रा माळ्यावर टाकून दिला.

२२ डिसेंबर

पाण्याचं भांडण मिटलं! डॉक्टरांनी बजावलंय, पाणी कमी पडलं की याचं रक्त आत अडकतं. पण हा म्हणजे एकेका घोटासाठी माझ्या नाकी नऊ आणायचा. आता सकाळी तीन मोठ्या बाटल्या भरून कॉम्प्युटरशेजारी ठेवतो, संध्याकाळी तिन्ही रिकाम्या. खेळता खेळता पितो म्हणे. आईला फोनवर सांगितलं. तिचा जीव भांड्यात पडला.

३ जानेवारी २०२५

वरच्या फळीतली, टेकडीवरच्या वस्तीतली, रूपलीबाई गेली. आज पुरलं. आमच्यात रीत आहे तसं तिचं सगळं तिच्यासोबत ठेवलं — खाट, मडकी, फणी, विळा. माणसाला पुढेही लागतं.

घरी आल्यावर पवनने सगळं विचारून घेतलं. मग म्हणाला, “माझ्यासोबत काय ठेवाल? तिरकमठा मला कधी आला नाही. कॉम्प्युटर ठेवा. माऊस नको, तो अडकतो.”

मी ताट आपटलं. त्याच्यावर एवढा कधी ओरडलो नव्हतो. तो म्हणाला, “बरं बाबा, माऊसपण ठेव.”

११ जानेवारी

पवनच्या खिडकीखालची वालाची वेल फुलावर आलीय. सगळी टेकडी वाळून चालली आणि हिला ऊत! गजराबाईला विचारलं, तू पाणी घालतेस का? म्हणाली, माझ्या घरच्या वेलीला पुरत नाही, तुझ्या कशाला घालू.

१४ जानेवारी

आज हरलो. परत.

१९ जानेवारी

जेवला नाही. थंडी बाधली म्हणतो. विचारलं, दुखतंय का? “नाही. तू खेळतोस का, सांग.” एक डाव खेळलो. जिंकलो! तो म्हणाला, मुद्दाम हरलो.

२१ जानेवारी, नंदुरबार

दवाखान्याच्या जिन्यात बसून लिहितोय.

काल केंद्रातून घरी आलो तर तो मशीनसमोर. पडद्यावर गाडी भिंतीला जाऊन अडलेली, चाकं नुसती फिरतायत. त्याचं बोट बटणावर होतं पण डोळे मिटलेले. श्वास कसा — भाता फाटल्यासारखा. जीप मिळेपर्यंत पाठीवर घेऊन रस्त्यावर उभा राहिलो. वजन काहीच नाही. कधी एवढा हलका झाला हा? मी रोज बघत होतो ना?

मोलगीहून इकडे पाठवलं. ऑक्सिजन लावलाय, रक्त चढतंय. डॉक्टर म्हणाल्या, छातीत गेलंय. पाणी किती पीत होता?

तीन बाटल्या, मी ठासून म्हणालो. रोज. मी स्वतः भरतो.

त्या कागद बघत म्हणाल्या, “तसं दिसत नाही हो.”

मी पवनकडे पाहिलं. त्याने मास्क थोडा बाजूला केला. “वेलीला घातलं, दादा.”

का रे?

“प्यायलं की बाहेर जावं लागतं. उठताना खुबा फार दुखतो. खुर्चीवर बसून राहिलं तर नाही दुखत.”

खुर्ची मीच दिली होती. केंद्रातून आणलेली, मऊ गादीची.

२२ जानेवारी

आई-बाबांचा फोन लागत नाही. मुकादमाला निरोप दिलाय. पवन मधेच बोटं हलवतो, चादरीवर. डावं, उजवं, डावं. मी ओळखलं. त्याला सांगितलं, सरळ जा, पुढे वळण नाही.

२३ जानेवारी

पवन गेला. सकाळी.

आई-बाबा दुपारी पोचले.

२५ जानेवारी

काल पुरलं.

माती द्यायच्या आधी मी घरात गेलो आणि कुऱ्हाड घेतली. त्या मशीनचे तुकडे करायचे होते. दार अडवत पडलं होतं ते काय वाईट होतं? मला कोणी सांगितलं होतं उकरून काढायला? पहिला घाव घालणार तेवढ्यात बाबांनी मागून दांडा धरला.

“त्याचं आहे ते. तुझं नाही.”

मग त्यांनी स्वतः मॉनिटर उचलला. खाटेवर त्याचे कपडे, काठी, ताट. शेजारी कॉम्प्युटर, कीबोर्ड. कुणी तोंड वाकडं केलं नाही. पुरायच्या जागी पोचल्यावर बाबा मला म्हणाले, “वायरी नीट जोडून दे. त्याला वाकता येत नाही.” मी गुडघ्यावर बसून एकेक वायर जोडली. मागच्या पिना बसेनात.

वळून पाहिलं तर बाबा घरी जाऊन परत येत होते, खांद्यावर सोलरची बॅटरी. धापा टाकत होते. खाली ठेवली, फडक्याने पुसली.

“तिथे लाइट नसेल,” म्हणाले.

आईने तीन बाटल्या भरून ठेवल्या. तिला वेलीचं माहीत नाही. बाबांनाही मी सांगितलेलं नाही. प्रत्येक फोनवर झकास झकास म्हणणारा मी — कुठल्या तोंडाने सांगू? माऊस तेवढा माझ्या खिशात राहिला. तो अडकतो.

२९ जानेवारी

वीज नाही, बॅटरी नाही, घरात संध्याकाळपासून अंधार. कोणी तक्रार करत नाही. बाबा फडावर परत जाणार नाहीत म्हणाले. दिवसभर अंगणात बसतात. माझ्याकडे बघतात आणि काही बोलायच्या आधी मान फिरवतात. त्यांना कळलंय, असं वाटतं. गजराबाईने वेलीचं सांगितलं असेल. शिव्या दिल्या तर बरं होईल. मी वाट बघतोय.

२ फेब्रुवारी

वेल उपटायला गेलो. बाबांनी हात धरला, बाजूला बसवलं. म्हणाले, तू मोलगीत होतास, त्याला दवाखान्यात नेलंस त्याच्या आधीच्या शनिवारी. मी फोन केला होता. पवन म्हणाला, छातीत दुखतंय, दादाला सांगू का?

“मी म्हटलं, कशाला सांगतोस, खेळत राहा. खेळताना तू दुखणं विसरतोस.” मग माझ्याकडे पाहिलं. “हे मला कुठून सुचलं रे, ईश्वर? मी तर तो खेळ कधी बघितलासुद्धा नव्हता.”

कुठून सुचलं ते मी सांगितलं नाही. वेल तशीच ठेवली.