पहिली फिल्म कोरी आली

३ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस, शि. सा. न.

गुडघा काय म्हणतो? मागे कळवलेला तारा २० जानेवारीला भडकला. विझत आलेला एवढासा तारा, शेजाऱ्याचा वायू ओढत बसला नि एक दिवस पेटला. त्यातून क्ष-किरण येतात का, हे बघायला मी बाराव्या दिवशी उपग्रहावरची दुर्बीण मागितली. आलं शून्य. उडालेला वायू पांगला की आतलं दिसेल, असं मला वाटतं. सर म्हणतात, क्ष-किरण नाहीत असं लिहून मोकळी हो. दुर्बिणीवर पुन्हा पाळी मागितली आणि पुन्हा शून्य आलं, तर माझी नोकरी गेलीच समजा. महिनाअखेर त्या अहवालावर सही करायची आहे. तुम्ही एक्स-रेच्या खोलीत तीस वर्षं काढलीत, म्हणून विचारते, करू का सही?

माया आहेच, उत्तरही असावं.
तुमची भिंगरी

११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

गुडघा कुरकुरतो, मीही. ताऱ्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण आमच्या खोलीत फिल्म कोरी आली तर 'नाही' लिहायचं नाही, 'आज दिसत नाही' लिहायचं, खाली तारीख. मनगटात एक हाड असतं, मोडलं तरी पहिल्या फिल्मवर कधीकधी दिसत नाही. पंधरवड्याने पुन्हा फोटो काढायचा. हे मी प्रत्येकाला बजावलं, एकीला सोडून. तू नऊ वर्षांची असताना सायकलवरून उजव्या मनगटावर पडलीस. फिल्म कोरी होती. मी नाटकं पुरे म्हणालो आणि तुला शाळेत धाडलं. पुन्हा फोटो काढलाच नाही. घरचंच पोर ना! तुझं तिरपं अक्षर बघितलं की तीच फिल्म आठवते गं. सही करू नकोस.

आशीर्वाद आहेतच, राग असेल तर तोही कळव.
बाबा

१० एप्रिल

तीर्थरूप बाबांस, शि. सा. न.

'बाराव्या दिवशी दिसले नाहीत' एवढंच लिहिलं आणि पाळी मागितली. सरांनी थयथयाट केला. काल एकोणऐंशीव्या दिवशी बघितलं. वायू विरळ झालाय आणि क्ष-किरण नुसते ओसंडताहेत. आतली आग विझलीच नव्हती, बाबा! सर आता हे आपलंच म्हणणं होतं असं सांगत फिरतात.

राग होता. बराच होता. डब्याचं झाकण उघडताना अजून कळ येते. परवा फोटो काढला. ते हाड जुळलेलंच नाही, ऑपरेशन करावं लागेल. फिल्म सोबत पाठवते. खाली तुमच्या हाताने तारीख घाला, आणि ती घेऊन तुम्हीच या.

वाट बघते.
भिंगरी