दहाचा पाना

३ फेब्रुवारी, सोमवार
शाळेच्या फाटकावर नोटीस. एक मार्चपासून जुन्या डिझेल गाड्यांना मुलं न्यायला बंदी. इंजिन काढून मोटर-बॅटरी बसवा, नाहीतर घरी बसा. माझी व्हॅन तेवीस वर्षांची. नवी घेण्याची ऐपत नाही, आणि मला दुसरं काही येत नाही. अकरा मुलं, सकाळ-दुपार. झालं.

आबांना सांगितलं. माझे वडील, चाळीस वर्षं मेकॅनिक. हे इंजिन दोनदा त्यांनी स्वतः बांधलंय. "आधी माझं काढा, मग त्याचं," म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. पेपर उलटा नव्हता, पण पानही उलटलं नाही.

५ फेब्रुवारी
सगळे सांगतात, माणूस विश्वासाचा बघ. जणू बाजारात ढीग लागलाय!

आबा तयार झाले, पण एका अटीवर: माणूस त्यांच्या पद्धतीनं पारखायचा. पद्धत जुनीच. गाडी नेण्याआधी पाण्याच्या पाइपाचा क्लॅम्प थोडा सैल करायचा. पाणी टिपटिप गळतं. "ज्याला दिसत नाही तो आंधळा. जो म्हणतो अख्खा रेडिएटर गेलाय, तो चोर. जो आवळून देतो आणि सांगतो, तो आपला."

माझा नवराही असाच पास झालाय. पहिल्यांदा घरी आला तेव्हा आबांनी खुर्चीचा स्क्रू सैल करून ठेवला होता. तो बसला, डुगडुगला, उठला, खिशातल्या नाण्यानं स्क्रू आवळला, परत बसला. "स्क्रू सैल होता हो," म्हणाला. आबांनी तिथंच होकार दिला. मला कोणी विचारलं नाही. ती खुर्ची अजून आहे, नवराही.

८ फेब्रुवारी, शनिवार
पहिला. काचेचं ऑफिस, कडक इस्त्रीचा शर्ट. बॉनेट उघडलंच नाही, कॉम्प्युटरवर चित्र फिरवून दाखवलं. खाली फरशीवर पाण्याचं थारोळं. त्यात बूट घालून उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, निश्चिंत राहा."

आबा बरोबर येत नाहीत. जुने लोक ओळखतात, सावध होतात. घरी शब्दन्‌शब्द ऐकून घेतात. ऐकून एकच शब्द म्हणाले, "आंधळा."

१५ फेब्रुवारी, शनिवार
दुसरा. यानं बॉनेट उघडलं, मान हलवली, चक्‌चक्‌ केलं. रेडिएटर गेला, पंप गेला, "बरं झालं आज आलात ताई." मी काही मुकाट ऐकून घेणाऱ्यातली नाही. क्लॅम्प त्याच्या डोळ्यांसमोर आवळला, बॉनेट आपटलं. घरापर्यंत एकटीच बडबडत आले.

आता पंधरा दिवस उरले.

१६ फेब्रुवारी, रविवार
आबा सकाळभर गाडीखाली. चारही चाकं काढली, ब्रेकचं तेल बदललं. "जाण्याआधी तिचं एकदा सगळं करून देतो." शर्टाच्या खिशात नेहमीचा दहा नंबरचा पाना, दुसऱ्यांच्या खिशात पेन असतं तसा. दोनदा चहा गार झाला. आईच्या शेवटच्या महिन्यांतही ते असेच वागायचे.

१८ फेब्रुवारी
ब्रेकचं पेडल जरा खोल जातंय. म्हातारी गाडी.

२० फेब्रुवारी, गुरुवार
मुलांना सोडून तिसरीकडे गेले. बाई आहेत. लोक वायरवाल्या म्हणतात. आधी लिफ्ट दुरुस्त करायच्या. पत्र्याची शेड, भिंतीवर प्रत्येक पान्याची जागा खडूनं आखलेली.

तासभर बॉनेटखाली डोकं घालून होत्या. मग, "क्लॅम्प सैल होता. आवळला. बाकी इंजिन काय जपलंय हो!" मला हसू फुटलं. सापडला आपला माणूस!

मग मला मागच्या चाकाशी नेलं. आत टायरच्या कडेला तेलाचा ओला ओघळ. "ब्रेकचं तेल सोडायचा नट. नुसता हातानं लावलाय, पाना मारायचा राहिला. गाडी कोण उघडतं?"

"वडील."

"वय?"

"शहात्तर."

त्यांनी नट आवळला, तेल भरलं, माझ्याकडून पेडल दाबून घेतलं. मग म्हणाल्या, "मी बसवेन त्यात माणूस मारण्याइतका करंट असेल. घरात पाना कोणाच्या हातात आहे ते मला पक्कं हवं. वडिलांना हे सांगा, मग गाडी आणा. तोवर मी इंजिनाला हात लावणार नाही."

सोमवार ते गुरुवार. अकरा मुलं. उतारावरचा चौक रोज दोनदा. पेडल खोल जात होतं आणि मी म्हातारी गाडी म्हणून सोडून दिलं! दुपारी मुलांना आणताना दर वळणाआधी पेडल दाबून बघितलं.

आबांना एवढंच सांगितलं की क्लॅम्प सापडला. लहान मुलासारखी टाळी वाजवली त्यांनी. "बघ! मिळाली की नाही?"

२१ फेब्रुवारी
सांगायचं ठरवून उठले. म्हटलं, "आबा, या वेळी दोन ठिकाणी सैल केलं होतं का?"

"एकच. क्लॅम्प. का गं?"

"उगाच."

नवरा म्हणतो, सांगून टाक. सोपं आहे त्याला. चाळीस वर्षांत या माणसाचा एक नट सुटलेला नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले. ते मी कुठल्या तोंडानं मोडू? नाही सांगितलं तर बाई गाडी घेणार नाहीत. दुसरं कोणी माझ्या नजरेत नाही. आठवडा उरलाय.

२२ फेब्रुवारी
वायरवाल्या बाईंचा फोन. "सांगितलंत?" नाही म्हटलं. "बरं," म्हणाल्या आणि ठेवला.

आबांनी आज दोनदा विचारलं, गाडी कधी न्यायची. काहीतरी थाप मारली. माझ्याकडे बघत राहिले.

२३ फेब्रुवारी, रविवार
सकाळी चहाला बसले तर खुर्ची डुगडुगली. उठले, नाण्यानं स्क्रू आवळला, बसले. बोलले नाही. जाऊ दे म्हटलं.

"एरवी घर डोक्यावर घेतलं असतंस," आबा म्हणाले. "माझं आणखी काय आवळलंस गुपचूप?"

"ब्रेकचा नट. बाईंनीच आवळला, आणि तुम्हाला सांगितल्याशिवाय त्या गाडी घेणार नाहीत."

कपातला चहा संपवला त्यांनी, सावकाश. मग चपला घातल्या. "चल. त्या बाईला मीच सांगतो."

दारात थांबले आणि खिशातला दहाचा पाना माझ्या हातात ठेवला.