उज्माची पांढरी गोळी

१ ऑगस्ट २००६, अमरावती
नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला अखेर वसतिगृहात जागा मिळाली. भातकुलीपासून एसटीत मांडीवर ट्रंक, तरी मन हलकं. खोलीतली सोबतीण चांदूर बाजारची उज्मा. तिनं खिडकीकडची खाट मला सोडली. इथे ताप, पाळी, अंगदुखी, सगळ्याला एकच इलाज: कपाटातला बिस्किटांचा डबा. वॉर्डातून उरलेल्या सुट्या गोळ्या त्यात असतात. डॉक्टरकडे गेलं की पोरी विचारतात, नर्स होऊन राहिली न तू, मंग तुले तुयंच समजत नाही का? मला पटलं. दुसऱ्याला औषध देणारीनं हात पसरू नये.

९ ऑगस्ट
फवारणीचं औषध प्यालेले शेतकरी रोज येतात. पोट धुवायची नळी घालताना मी दोनदा चुकते, उज्मा एकदाही नाही. सिस्टर उठता-बसता तिचंच नाव घेतात. २२ तारखेच्या चाचणीत पहिली येणारी अकोल्याला ऑपरेशन थिएटरचं काम शिकायला जाणार. ती जागा मला हवी.
उज्मा रोज सकाळी एका बिननावाच्या बाटलीतून पांढरी गोळी घेते. विचारलं तर म्हणाली, ताकदीची आहे. खोटं. अभ्यासाची असणार. अन् ही बया एकटीच खाते.

१४ ऑगस्ट
तिच्या गोळ्या मी काढून घेतल्या, आता रोज एक मी खाणार. बाटलीत डब्यातल्या सर्दीच्या भरल्या. तशाच बारीक, पांढऱ्या.

१८ ऑगस्ट
डोकं जड. वर्गात पेंगले. सवय व्हायला वेळ लागत असेल, आजपासून दोन.
उज्माच्या हातून चहाचा कप उडाला. मला बरं वाटलं.

२१ ऑगस्ट
हात पुन्हा झटकायला लागले म्हणून उज्मा रडली. तिला लहानपणापासून झटके येतात. मेट्रनला कळलं तर घरी पाठवतील, म्हणून पाकीट फाडून गोळ्या बाटलीत ठेवते. मलाच विचारत होती, गोळी तर रोज घेऊन राहिली मी, मंग काहून होते असं?
सकाळच्या दोन गोळ्या माझ्या पोटात होत्या.
आज परत भरल्या तर उद्या पहिली तीच. पेपर झाला की भरते.

२२ ऑगस्ट, सकाळ
उज्मा न्हाणीत. बादली वाहतेय — नळ बंद का करत नाही —
धप्प आवाज झाला. आता दारावर टाचा. ठक ठक ठक —

आतून कडी आहे. पाय उचलत नाहीत माझे, अंगात अजून तिचीच गोळी —
ओरडले तर पोरी येतील. विचारतील, कोणत्या गोळ्या —

पाणी खोलीत आलं. टाचा थांबल्या.

उज्मा, बाटलीत मी —