तुकडी अ, नंबर तीस

ता. ३ एप्रिल

चि. भिंगरीस आजीचे अ. आ. वि. वि.

पहिली आली ती शिवणवाली वहिनी, आणि तीही तोंडात टाचण्या धरून. त्यामुळे सुरुवातीचं मला काहीच कळलं नाही, मी नुसतं हं हं करत होते. टाचण्या काढून पदराला टोचल्या तेव्हा समजलं, की शाळेतून चिठ्ठी आलीय. तेवढ्यात नळवाल्याची बायको आली, जुळ्या मुलींच्या दोन चिठ्ठ्या घेऊन. मग कोपऱ्यावरचा न्हावी आला, गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर खुर्चीत सोडून. बसायला जागा उरली नाही म्हणून मी पत्र्याच्या पेटीवर बसले. तिचं झाकण आता उघडत नाही, ते वेगळंच.

चिठ्ठी मी स्वतः वाचली, कुणाच्या हातात दिली नाही. जोडाक्षरंसुद्धा आता अडत नाहीत, हे तुला सांगायचंच राहिलं. तर लिहिलं होतं, की आपला पाल्य वर्षभर तुकडी अ मध्ये होता आणि त्याला गणित तू शिकवलंस, हे खरं असल्याची सही करून पाठवा. आता मला सांग, वहिनीचा मुलगा, त्या जुळ्या आणि न्हाव्याचा थोरला, ही चारही पोरं पहिल्या दिवसापासून ब तुकडीत. त्यांना शिकवलं शिक्केसरांच्या जावयानं. तुझ्या वर्गात ती आली असतील तर खडू मागायला. आणि चौघांचं गणित म्हणजे आनंदीआनंद.

शिक्केसर म्हणजे तुमचे उपमुख्याध्यापक गं, दिसेल त्या कागदावर शिक्का हाणणारे. तू पाय मोडून आईकडे पडलीस, म्हणून तुझ्या वर्गाची यादी पडताळायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं म्हणे. केवढे उपकार.

खरी मजा पुढेच आहे. दुपारी पोस्टमन पाचवी चिठ्ठी घेऊन आला, आणि ती माझी निघाली. पाल्य म्हणून माझं नाव, तुकडी अ, नंबर तीस, वर्षभर हजर, गणितात शंभरापैकी चार. पालकांची सही मागितलीय. माझे पालक गेले त्याला चाळीस वर्षं झाली, सही कुठून आणू?

मला वाटतं, आमचा रविवारचा मोठ्यांचा वर्ग तुझ्याच खोलीत भरतो, त्यामुळे आमचे पेपर तुझ्याच कपाटात होते, त्यातला माझा पोरांचा समजून सरांनी उचलला असावा. परीक्षेला तुमच्या पोरांच्या उरलेल्या प्रश्नपत्रिकाच आम्हाला वाटल्या होत्या. एका प्रश्नात कोंबड्या होत्या, म्हणून मी कोंबडी काढून दिली. चार मार्क तिचेच असणार.

हे काय प्रकरण आहे ते सविस्तर कळव. पाय उशीवर ठेवत जा. माझ्या लेकीला सांग, तुझ्याकडून काम करून घेऊ नकोस. माया आहेच, तू फक्त पत्रं लांब लिहीत जा.

तुझी,
आजी


ता. ६ एप्रिल

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, आणि मग जेवण गेलं नाही. आजी, हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पुढच्या वर्षी अ आणि ब या दोन्ही तुकड्या एक होणार आहेत. गणिताचा एकच शिक्षक राहणार, मी किंवा सरांचा जावई. कोण, ते ठरणार मुलांच्या मार्कांवरून: गेल्या वर्षीपेक्षा कुणाच्या वर्गाची मुलं जास्त पुढे गेली. म्हणून तर ही यादी. कोणतं मूल किती महिने कुणाच्या हाताखाली होतं हे ज्या त्या शिक्षकानं स्वतः तपासायचं असतं, म्हणजे एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी येत नाही आणि पुण्यही नाही.

पाच कच्चे माझ्याकडे आलेत, तर माझे पाच हुशार तिकडे गेलेच असणार. यादी अशीच राहिली तर माझी नोकरी गेली असं समज. हरकत घ्यायची मुदत पंधरा तारखेपर्यंत आहे. त्या दिवशी सर सही करतील आणि यादी वरच्या कार्यालयात जाईल. मी हरकतीचं पत्र आजच लिहून ठेवलंय, उद्या टाकते. तू या भानगडीत पडू नकोस, आणि वहिनींनाही शाळेत जाऊन आवाज चढवू देऊ नकोस.

प्लास्टरच्या आत खाज सुटते, आईची विणायची सुई मी पळवली आहे. रागावू नकोस, जीव लावतेस तसा लावत राहा.

तुझी,
भिंगरी


ता. ९ एप्रिल

चि. भिंगरीस अ. आ. वि. वि.

पत्र टाकलं असशील तर माझं नशीब. नसशील टाकलं, तर टाकू नकोस. आधी माझं सगळं ऐक.

आज तू हरकत घेतलीस, की शिक्केसर काय करतील? जीभ चावतील, कारकुनाची चूक म्हणतील, पाच नावं खोडतील, आणि वरून तुझ्या पायाची चौकशी करतील. आठ दिवसांनी दुसरी युक्ती काढतील, तीही तू अंथरुणात असताना. चोराला घरात शिरायच्या आधी हटकलं तर तो म्हणतो, मी पत्ता विचारत होतो. त्याला आत येऊ दे. गाठोडं बांधू दे. दारात आला की मग दिवा लाव.

यादीवर सरांच्या सहीच्या वर एक ओळ छापलेली असते, असं न्हावी सांगतो. त्याच्याकडे शाळेचा कारकून दाढीला येतो, आणि गालाला फेस लावला की तो माणूस काहीही बोलतो. ओळ अशी, की सर्व पालकांच्या सह्या झालेल्या चिठ्ठ्या मला मिळाल्या. तर त्या पाचही चिठ्ठ्या सह्यांशिवाय माझ्याकडे आहेत, पिठाच्या डब्याखाली. सर खरे असतील तर त्या मागायला येतील आणि मी मुकाट्यानं देईन. नाही आले, तर खोटं त्यांनी स्वतःच्या शाईनं लिहिलं, मी नाही लिहायला लावलं.

वहिनी शाळेत जायला पदर खोचून तयार होती. तिला मी चहा पाजून बसवलं.

तुला वाटेल म्हातारीला एवढा राग कशाचा. सांगते. रविवारच्या वर्गात एकदा हे सर आले होते. मी फळ्यावर बेरीज मांडत होते, हातचा विसरले. सगळ्यांसमोर माझ्या हातातून खडू काढून घेतला आणि म्हणाले, की आजीबाई, खडूला पैसे पडतात. सगळे हसले. मीही हसले, काय करणार. घरी येऊन हात धुतले तर खडूचं पाणी झालं, आणि मी रडले. कुणाला सांगितलं नाही ते. तुलाही नाही.

ते माझं झालं. आता तुझ्यावर आलेत. माझं मी सोडलं असतं, तुझं सोडणार नाही. त्यांना नुसतं चुकलं म्हणायला लावायचं नाहीय मला. चारचौघांत बसवायचंय.

विचार कर, पण लवकर कर. आशीर्वाद भरपूर, अक्कल त्याहून भरपूर.

तुझी,
आजी


ता. १२ एप्रिल

ती. आजीस सा. न. वि. वि.

पत्र अजून टाकलेलं नाही. सहा दिवस पाकीट उशाशी आहे. आधी आईला पोस्टात जायला जमलं नाही, आणि तुझं पत्र आल्यापासून तिला रोज टाकायला सांगते आणि रोज परत मागून घेते.

तुझं म्हणणं मला पटलं नव्हतं. पंधरा तारीख गेली आणि वर कुणी ऐकलंच नाही, तर मी आपल्याच हातानं दार लावून घेतलं असं होईल. सरांच्या मुलीचाही विचार आला. ती माझ्याशी नेहमी नीट बोलते, आणि तिच्या घरचं जेवण नवऱ्याच्या नोकरीवर चालतं.

पण आज औषधवाल्याच्या धाकटीचं पत्र आलं. तुला ती आठवते का? बोलताना अडखळते, म्हणून सगळे तिला मठ्ठ समजत होते. वर्षभर मधल्या सुट्टीत मी तिला जवळ घेऊन बसले. अपूर्णांक तिला कागद फाडून फाडून शिकवले, आणि तिला ब्याण्णव मार्क पडले. ती विचारते, की बाई, माझ्या चिठ्ठीत तुमचं नाव नाही, ब तुकडीच्या सरांचं आहे, मी तुमच्या वर्गात नव्हते का?

आजी, नोकरीचं एक वेळ सोसलं असतं. ती पोर स्वतःच्याच वर्षाबद्दल शंका घेते आहे.

पाकीट फाडलं. होऊ दे त्यांची सही. पुढे काय करायचं ते तूच ठरव, फक्त ठाम राहा. माझा हात इथून पोचत नाही, तुझा पोचतो.

तुझी,
भिंगरी


ता. २० एप्रिल

चि. भिंगरीस तिच्या वर्गातल्या नंबर तीसचे अ. आ. वि. वि.

पाय कसा आहे ते नंतर विचारते, आधी ऐक.

पंधरा तारखेला सरांनी सही केली, शिक्काही मारला, दोनदा. चिठ्ठ्या मागायला कुणी फिरकलं नाही. हे सगळं फेसाच्या आतून कळलं. मग मी एक कार्ड वरच्या कार्यालयाला टाकलं. मजकूर असा, की मी तुकडी अ मधली नंबर तीस आहे. माझ्या बाई आजारी आहेत. मला गणितात चार मार्क पडले त्याचं वाईट वाटतं. कृपया घरी येऊन मला गणित विचारा. अक्षर माझं कसं आहे ते तुला माहीतच आहे. त्यांना वाटलं, लहान पोर आहे.

काल सकाळी दोघं आली. एक पडताळणीवाल्या बाई, चष्मा डोक्यावर चढवलेल्या, आणि त्यांचा कारकून, बगलेत यादी घेऊन. बाईंनी पोरीसाठी रंगीत पेन्सिली आणल्या होत्या. मला म्हणाल्या, की आजी, नातीला बाहेर बोलवा, घाबरू नकोस म्हणावं.

मी म्हटलं, “नात बाहेरगावी आहे. नंबर तीस मी.”

बाई हसल्या. मी हसले नाही. मी चिठ्ठी पुढे ठेवली. चष्मा डोक्यावरून खाली आला. मग बाकीच्या चार ठेवल्या, एकावर एक. कारकुनानं यादी उघडली, सरांची सही दाखवली, तिच्यावरची ती ओळ बोटानं वाचली आणि बोट तिथंच ठेवलं. पाचही चिठ्ठ्यांवर सहीची जागा कोरी. मग त्या दोघांनी अ आणि ब मिळून नावं मोजली, तर शाळेत आहेत त्यापेक्षा एक पोर जास्त भरलं. ते जास्तीचं पोर मांडी घालून समोर बसलेलं होतं.

तेवढ्यात वहिनी मुलाला घेऊन आली, न्हावी थोरल्याला घेऊन आला, जुळ्यांना घेऊन त्यांची आई आली. बाईंनी एकेका पोराला विचारलं, की गणित कोण शिकवतं. चौघांनीही जावयाचं नाव घेतलं. शेवटी औषधवाल्याची धाकटी आली, तिला मीच निरोप धाडला होता. तिला बोलायला वेळ लागला. बाई थांबल्या, कारकूनही थांबला. तुझं नाव पूर्ण घेतलंन पोरीनं, आणि मग कागद मागून तो फाडायला बसली, पाव, निम्मा, पाऊण, एकेक तुकडा बाईंच्या हातात देत.

बाईंनी जागेवर बसून लिहिलं. ही यादी रद्द. नवी यादी होईपर्यंत दोन्ही शिक्षकांचे मार्क बाजूला ठेवायचे. तुझ्या वर्गाची यादी तुझी तूच करायचीस, कारकून ती घेऊन तुझ्या अंथरुणापाशी येईल. मला वाचून दाखवलं, मी दोनदा वाचायला लावलं.

मग विचारलं, की आजी, आणखी काही म्हणायचंय का. मी म्हटलं, हो. सरांना इथं आणा, माझ्या घरी. कचेरीत बंद दाराआड नको. यादी त्यांनीच मोठ्यानं वाचायची, एकेक नाव, सगळ्या आयाबापांसमोर. बाईंनी चष्मा पुन्हा डोक्यावर चढवला. म्हणाल्या, की नियमात असं कुठं लिहिलेलं नाही. मग म्हणाल्या, की असं करू नये असंही लिहिलेलं नाही.

सरांच्या मुलीचं तू लिहिलं होतंस. ती काल संध्याकाळी आली होती, वडिलांना सांभाळून घ्या म्हणाली. मी तिला पाणी दिलं, बसवलं, नवऱ्याची नोकरी खऱ्या मार्कांवर राहिली तर मला आनंदच आहे असं सांगितलं. वडिलांबद्दल मी काही बोलले नाही. वाईट वाटलं गं, पण तेवढंच.

वहिनी सगळ्यांना बसायला गोधड्या आणणार आहे. न्हाव्यानं दुकान बंद ठेवायचं ठरवलंय. सरांना खुर्ची द्यायची की पेटीवर बसवायचं, यावर आमचं अजून एकमत नाही. माया वाढती असू दे, पायावर जोर देऊ नकोस.

पडताळणीवाल्या बाई आणि कारकून पुन्हा येणार आहेत, सरांना घेऊन: शुक्रवारी, सकाळी दहाला.

तुझी,
आजी