बाळ्याचा बाजा अन् आतला करंट

३ ऑक्टो., शुक्र.
माझा जेवायचा पाट नेला. विचारलं नाय, सांगितलं नाय. फरशीवर ताट घेऊन बसले, गुडघे बोंबलले. पाट कुठंय, तर माझ्या लेकाच्या, बाळ्याच्या पायाखाली. लाकडातून करंट जात नाय म्हणे.
काल दसऱ्याच्या पूजेत त्याचा बाजा मेला. सिंथ म्हणत्यात त्याला. काळ्यापांढऱ्या पट्ट्या आहेत अन् वाजतो, म्हणून मी बाजाच म्हणते. जुना, जपानचा. आपल्या भिंतीतला करंट त्याला सोसत नाय, मधी लोखंडी खोका लावून कमी करावा लागतो. रेखानं, सुनेनं, हळदकुंकू वाहिलं अन् म्हणाली, "चालू तर करा, बंद हत्याराची काय पूजा!" खोका खाटेखाली. जड. डॉ.नं बाळ्याला वजन उचलू नको सांगितलंय, अन् बायकोला उचल म्हणायला जीभ रेटली नाय. वायर सरळ भिंतीत घातली.
मला वाटलं झेंडू जळतोय. झेंडू नव्हता.

५, रवि.
गुलमंडीच्या मागच्या बाजे दुरुस्त करणाऱ्या दुकानदारानं हातच लावला नाय. भंगारात टाक म्हणाला. बाळ्यानं घरीच उघडला.
ह्या माणसाच्या छातीत उन्हाळ्यात डबी बसवली, काळजाचे ठोके चुकत होते म्हणून. डॉ. माझ्यासमोर म्हणाले, करंटच्या कामाला हात लावायचा नाय. पन्नाशीचा घोडा, मान हलवत होता तेव्हा.
फ्यूज उडालेला. नवा घातला. टप. तोही गेला.
"मरायचंय तर मर, पण माझ्या मागून मर."
"आई, तुळशीची लग्नं लागली की वाजवायच्या सुपाऱ्या सुरू. बाजा नसला तर बँडपार्टी दुसरा वाजवणारा घेते. मग मी काय घरात बसून शेंगा सोलू?"
"सोल की. शेंगा झटका देत नाय."

८, बुध.
तोड काढली मीच. हात माझा, डोकं त्याचं. तो दाराबाहेर, मी पाटावर.
त्यानं खोक्याच्या आधी एक पिवळा बल्ब लावून दिला. बल्ब भगभगून तसाच राहिला तर आत शॉर्ट. पेटून मंद झाला तर बरं. बाजाच्या आत एका कोपऱ्याला लाल पट्टी चिकटवली. तो कोपरा मारतो, बाकीचं एवढं नाय म्हणे. एवढं नाय म्हणजे केवढं?
"डावा हात पाठीमागं घे, आई. दोन्ही हात आत गेले तर करंट काळजातून जातो."
पदर खोचला, डावा हात कमरेमागं. रेखा चिकलठाण्याच्या कंपनीतून आलेली, तशीच बटणापाशी उभी. दाबलं. बल्ब भगभगला. तसाच राहिला.
दोनदा मोरीत जाऊन आले. कुणाला सांगितलं नाय.

११, शनि.
वायर काढलेली असली तरच बाळ्याला हात लावू देते. त्यानं चार बारके तुकडे काढले, डायोड. दोन मेलेले. नवे डागले.
सांजच्याला परत मी पाटावर. बल्ब पेटला अन् मंद झाला. रेखानं टाळी वाजवली.
"वाजवू नको गं, माझा हात आतंय!"
करंट मोजायच्या मीटरची लाल काडी आत टेकवली, बारा आले; दुसऱ्या जागी पाच यायला पाहिजेत म्हणे. पाच कुठं येत्यात ते बघताना हात थरथरला, लाल काडी घसरली. ठिणगी. लाल पट्टीच्या कोपऱ्यात नाय, शेजारी. मला काय झालं नाय.
पण बाळ्या धावत आत आला. अनवाणी. फरशीवर. मला दंडाला धरून ओढलं. चालू मशीनपाशी, अनवाणी! मुस्काडात देणार होते, पण तोंड पांढरंफटक त्याचं.
"झालं. तुझं काम बंद," म्हणाला. छातीवर हात ठेवून खाटेवर बसला.
दुखतंय का, विचारलं नाय मी. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं.

१४, मंगळ.
पाच देणारा तीन पायांचा तुकडा जळाला होता, तो बदलला. बल्ब मंद. आकडे आले, पण कमी. बाजा मुकाच. बल्ब मधी असला की पुरता करंट पोचत नाय, म्हणून आज बल्ब काढायचा. खोका राहील, बल्ब नाय. अन् चालू असताना आत काडी लावून बघायचं. तो बघणार. माझा हात थरथरतो म्हणे. ह्याचं काळीज थरथरतं, त्याचं काय?
रेखाला म्हणाले, नवऱ्याला आवर.
"आत्याबाई, उन्हाळ्यात घरी बसले होते तेव्हा तुम्हीच म्हणायच्या ना, मेल्यासारखा बसतो म्हणून?"
व्हय. म्हणत होते.
आज तिची सुट्टी. बटणापाशी उभी आहे. तो रबरी चप्पल घालून पाटावर. डावा हात खिशात. मला बाहेर काढलं, पण कडी लावू दिली नाय मी. भिंतीला टेकून हे लिहितेय. अक्षर हललं तर हललं.
बटण पडल्याचा आवाज आला.
दोघांना बजावलंय. मी सारखी हाक मारणार. रेखानं मधी तोंड घालायचं नाय, बरंय आत्याबाई, सगळं ठीकंय आत्याबाई, काय म्हणायचं नाय. ओ बाळ्यानंच द्यायची, म्हणजे तो शाबूत आहे ते मला कळंल.