डाव्या हाताचं पातेलं

लिहून देणार मी, वय अडुसष्ट, लग्न न झालेली, पंप तयार करणाऱ्या कारखान्याच्या मालकांची निवृत्त सेक्रेटरी, राहणार तिसरा मजला, जिन्यासमोरचं दार. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कुणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीला भुलून नव्हे, असं लिहीत आहे. लाडीगोडी लावायला घरात दुसरं माणूसच नाही, याची नोंद घ्यावी. पोटातलं दुखणं आता बरं होणार नाही. डोकं मात्र ठिकाणावर आहे, आणि तसा दाखला डॉक्टरीणबाईंनी सोबत जोडला आहे.

कलम १. राहतं घर, आतल्या सामानासकट, माझ्या भावाच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला द्यावं. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. भाचे, घर मिळालं की लोक तुला भिंतीवरची घड्याळं आणून देतील. हसून घे, आभार मान, पण "अय्या, अगदी हेच हवं होतं" असं चुकूनही म्हणू नकोस. मी एकदा तुझ्या बाबांना तसं म्हटलं. पुढे दर वाढदिवसाला त्याच्याकडून मला पायपुसणीच आली. ती सगळी माळ्यावर आहेत, तीही आता तुझीच.

कलम २. बँकेत जे काही आहे ते आधी हॉस्पिटल खाईल. त्याचं पोट भरून काही उरलं, तर तेही भाचीचं.

कलम ३. माझ्या वहिनीला काचेच्या वाट्यांचा खोका परत करावा. तो तिनेच मला पंचावन्नाव्या वाढदिवसाला दिला होता. आत चिठ्ठी होती, "बाळाला आणि बाळाच्या आईला अनेक आशीर्वाद". आलेली भेट पुढे ढकलायला माझी हरकत नाही, सगळेच ढकलतात. पण खोका उघडून बघायचे कष्ट तरी घ्यावेत. चिठ्ठी मी जागच्या जागी ठेवली आहे. वहिनीवर माझा आता राग नाही, पण खोका परत गेलाच पाहिजे.

कलम ४. चाकांची निळी बॅग, अजून कागदात आहे, ज्याला खरोखर कुठे जायचं असेल त्याला द्यावी. ही माझी निरोपाची भेट. निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि फायलीतून मान वर न काढता म्हणाले, "ताई, तुमच्या निरोपाचं काहीतरी बघायला हवं. तुम्हीच आणा ना, तुमची निवड चांगली असते." मी दुकानात गेले, बॅग घेतली, बिल कारखान्याच्या नावावर लावलं. दुकानातल्या पोऱ्याला कागदाच्या कडा नीट दुमडता येत नाहीत, म्हणून बांधलीही मीच. समारंभात साहेबांनी ती माझ्या हातात दिली आणि मी म्हटलं, "अहो, कशाला एवढं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बॅग का घेतली असेल मी, देव जाणे. जायचं तर कुठेच नव्हतं.

कलम ५. हे कलम काही देण्याघेण्याचं नाही. वकील म्हणाले, "ताई, हे मृत्युपत्रात कशाला? भाचीला तोंडी सांगा." तोंडी सांगायला गेले तर रडेन, म्हणून लिहिते.

माझी नोकरी टायपिंगची, पत्रव्यवहाराची. पण वर्षातून एकदा, पत्नीच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, साहेब म्हणायचे, "उद्या घरी वाढदिवस आहे हो. बघा काहीतरी." पहिल्या वर्षी मी सगळे नेतात तसं अत्तर नेलं. आठवड्याभरात त्याचा वास आमच्या हिशेबनीसाच्या बायकोच्या अंगाला येऊ लागला. मला ते फार लागलं. पुढे कारखान्याच्या नव्या शेडचं उद्घाटन झालं, फीत कापायला बाईसाहेब, म्हणजे साहेबांच्या पत्नी, आल्या होत्या. त्यांनी कात्री डाव्या हातात धरली. फीत कापली जाईना, नुसती चावली जात होती. लोक हसले, त्याही हसल्या, आणि शेवटी साहेबांनी कात्री काढून घेऊन स्वतः कापली. त्या वर्षी मी डावखुऱ्या माणसाची कात्री शोधून आणली. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी साहेब आले ते थेट माझ्या टेबलापाशी.

"काय दिलंत हो तुम्ही? घरी रडारड झाली."

"कात्री दिली, साहेब."

"कात्री?" ते हसले. "तिला कात्र्या आवडतात होय! बरं झालं सांगितलंत."

आपली बायको डावखुरी आहे हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही. मीही सांगितलं नाही.

मग दर वर्षी तेच. भेट द्यायची तर माणसाला विचारू नये. विचारलं की "काही नको" म्हणतो, आणि आपण ते खरं धरतो. त्याला काम करताना बघावं, कुठे अडतंय ते दिसतं. मी बाईसाहेबांना वर्षातून दोन-तीनदाच बघायची, पण डोळ्यांत तेल घालून. त्यांचे पाय गार पडतात, मानेला लोकर टोचते, त्या उभ्याने वाचतात. एरवी साहेब सांगत आणि मी लिहून घेत असे. त्या एका दिवशी मी सांगायची आणि साहेब भेटीबरोबरच्या कार्डावर आपल्या हाताने लिहायचे. त्यांचं शुद्धलेखनही मीच तपासत असे.

गेल्या वर्षी साहेब वारले. भेटायला गेले तेव्हा बाकीची मंडळी पांगल्यावर बाईसाहेबांनी मला आत नेलं आणि कपाट उघडलं. सगळं होतं. वापरून वापरून गुळगुळीत झालेलं, पण जपलेलं.

"बोलायला अगदी कंजूष होते हो," त्या म्हणाल्या. "एक गोड शब्द नाही कधी. सुरुवातीला वाटायचं, निघून जावं माहेरी. मग ही कात्री आली. म्हटलं, हा माणूस बघतो आपल्याकडे. तेवढ्यावर राहिले बघा. मी कधी काही मागितलं नाही, आणि यांना सगळं कळायचं."

"हो," मी म्हटलं, "साहेबांची नजरच तशी होती."

खाली उतरताना मी जिन्यात बसले आणि रडले. हेवा वाटला म्हणून नाही. खोटं कशाला लिहू, हेवाही वाटला. माझ्याकडे तसं कुणी बघितलं नाही. आणि जिच्याकडे मी बघितलं, तिला ते कधी कळता कामा नये. माझ्या आयुष्यात प्रेम म्हणण्यासारखं जे काही झालं ते एवढंच, आणि त्याच्यावर सही दुसऱ्याची आहे.

कलम ६. ओट्याखालच्या फळीवर, जुन्या टॉवेलात, एक पातेलं आहे. एका बाजूला लांब दांडा आहे, तो धरला की ओतायची चोच उजवीकडे. साहेब गेल्यावर भेटायला गेले, त्या दिवशी बाईसाहेबांनी मला चहा करून दिला. हात थरथरतो आता त्यांचा. नेहमीच्या पातेल्याला चोच डावीकडे, त्यामुळे डाव्या हाताने ओतताना मनगट उलटं वळवावं लागतं. दूध ओट्यावर सांडलं आणि त्या माझ्याकडे बघून ओशाळल्या. मी भांडी घडवणाऱ्या कारागिराकडे चार खेपा घालून हे करवून घेतलं. पहिल्यांदाच, माझ्या नावाने, माझ्या हाताने द्यायचं म्हणून.

त्यांच्या फाटकापर्यंत गेलेही. कडीला हात लावला आणि लक्षात आलं, त्या हे डाव्या हातात धरतील आणि तिथल्या तिथे समजतील. ज्या हाताने कात्री ओळखली तो हात हेही ओळखेल. मग कपाटातलं एकेक सगळं माझं होईल, आणि साहेबांचं त्यांच्यापाशी काहीच राहणार नाही. एवढा संसार आपण कशावर केला, असं त्या म्हणतील? मी परत फिरले.

तेव्हा भाचे, पातेलं मोडीत दे. तू उजव्या हाताची, तुझ्या उपयोगाचं नाही. भेट एकाच माणसाच्या मापाची असली, की ती चुकली तर जगात कुणाच्याच कामाची उरत नाही. वाईट वाटून घेऊन ठेवू नकोस.

कलम ७. मी गेल्यावर बाईसाहेबांना काहीतरी पोचायला हवं, नाहीतर इतक्या वर्षांची ओळख, ते बरं दिसणार नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून सोनेरी काठाची, मोठ्या गुलाबी फुलांची फुलदाणी घ्यावी. तिथली सगळ्यात भडक असेल ती. चकचकीत कागदात, दुकानदार बांधेल तशी वाकडीतिकडी बांधून न्यावी. हे मृत्युपत्र त्यांना दाखवू नये. त्या "अगंबाई, छान आहे" म्हणतील आणि तुला चहा घेऊन जा म्हणतील. घे. दूध सांडलं तर बघू नकोस. तू गेल्यावर त्या कुणाला तरी म्हणतील, "बाई भली होती हो, पण निवड म्हणून काही नव्हती तिला." त्यांना तसं वाटायला हवं. तसं वाटलं तरच मी दिलेलं सगळं त्यांच्यापाशी राहील.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हेच पहिलं आणि हेच शेवटचं.

ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल
तारीख: नऊ ऑगस्ट, सकाळ
सही: लिहून देणार

वरील बाईंनी आमच्यादेखत सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर आणि एकमेकांसमोर सही करत आहोत. मजकूर आम्ही वाचलेला नाही, त्यांनी वाचू दिला नाही.

साक्षीदार पहिले: दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर (सही)
साक्षीदार दुसऱ्या: उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई (सही)